राउटर बदलायचा की राउटरची जागा? घरून धंदा करणाऱ्या पेण-रोहेकरांसाठी इंटरनेटचा धडा



चॅनेलवरच्या व्हिडिओचा हा लेखी भाग. व्हिडिओ पाहिला नसेल तरी काही अडत नाही, हा धडा स्वतंत्र वाचता येईल. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे मधे आकडे लिहून ठेवायचे आहेत.

विषय आहे घरातला इंटरनेट राउटर. तुम्ही म्हणाल, हा काय धंद्याचा विषय झाला? तो तर केबलवाला बसवून जातो! नेमकं तिथेच चुकतं. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. पुण्याचा किंवा नाशिकचा व्यापारी आता प्रत्येक वेळी गाडी काढून येत नाही. आधी व्हिडिओ कॉल करतो, डोळ्यांची आखणी बघतो, रंग बघतो, मग आगाऊ रक्कम पाठवतो. रोह्यात कुणी घरून ऑनलाइन शिकवणी घेतं, कुणी धाटाव एमआयडीसीतल्या छोट्या ठेकेदारांचे जीएसटी रिटर्न भरतं. कोलाडला होमस्टे चालवणाऱ्याचं बुकिंग सगळं मोबाइलवर येतं. या सगळ्यांसाठी राउटर हा दुकानाचा दरवाजा आहे. दरवाजा अडकला की गिऱ्हाईक बाहेर उभं राहत नाही, पुढच्या दुकानात जातं.

पण म्हणून उठून नवीन राउटर घ्यायचा का? नाही. आजच्या धड्याचा गाभा एका ओळीत सांगतो: आधी मोजा, मग जागा बदला, आणि तरीही गरज उरली तरच खरेदी करा. हा क्रम उलटा झाला की आपली गत "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी" अशी होते. दुखणं केबलमध्ये असतं आणि पैसे राउटरवर जातात.

## पायरी १: नेट बंद राहिलं तर तुमचं किती नुकसान होतं?

खरेदीआधी हा हिशोब केलाच पाहिजे, कारण किती खर्च करायचा ते यावरूनच ठरतं.

समजा, रोह्यात तुमची ऑनलाइन शिकवणी आहे. २० विद्यार्थी, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे महिन्याचे १०,००० रुपये. महिन्यात २० तास होत असतील तर एका तासाची किंमत ५०० रुपये. नेटमुळे महिन्याला दोन तास वाया जात असतील तर नुकसान १,००० रुपयांचं. अशा वेळी ३,००० रुपयांचा खर्च तीन महिन्यांत वसूल होतो, पण दुखणं खरोखर राउटरचंच असेल तर!

आता दुसरी बाजू. तुमचा पापड-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे आणि ऑर्डर फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर येते. तासभर वाय-फाय गेलं तर मोबाइल डेटावर काम भागतं, नुकसान जवळपास शून्य. तुम्हाला सात-आठ हजारांची यंत्रणा नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं करू नका.

गणेशमूर्तीवाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचं नुकसान वर्षभर सारखं नसतं, हंगामात एकवटतं. समजा ५० मूर्तींची एक घाऊक ऑर्डर आहे आणि मूर्तीमागे १५० रुपये सुटतात. ती एक ऑर्डर हातची गेली तर ७,५०० रुपये गेले. म्हणून त्यांनी महिन्याची सरासरी काढू नये, हंगामातल्या एका दिवसाची किंमत काढावी.

वहीत लिहा: "माझ्या एका बंद तासाची किंमत ____ रुपये."

## पायरी २: भिंतीवरचा डबा नेमका कोणता?

बरेच जण ज्याला राउटर म्हणतात त्यात दोन वेगळी कामं असतात.

पहिलं काम: फायबरचा प्रकाश घेऊन त्याचं इंटरनेट बनवणं. हे करणाऱ्या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. पिवळी किंवा काळी बारीक तार ज्यात शिरते तो हा.

दुसरं काम: ते इंटरनेट घरातल्या सगळ्या मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांना वाटणं. हे राउटरचं काम.

आजकाल बहुतेक कंपन्या ही दोन्ही कामं एकाच डब्यात देतात. हे माहीत असणं का गरजेचं? कारण दुकानातून आणलेला साधा राउटर फायबरची तार थेट घेत नाही. तुम्ही ओएनटी काढून त्या जागी नवा राउटर लावू शकत नाही. ओएनटी तिथेच राहतो आणि नवा राउटर त्याला केबलने जोडायचा असतो. ही एक गोष्ट न कळल्यामुळे नवा राउटर खोक्यात पडून राहतो.

ओएनटीवर एक दिवा असतो, त्यावर "लॉस" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. तो लाल झाला तर फायबरचा प्रकाशच तुमच्यापर्यंत येत नाही. तार कुठेतरी तुटली किंवा जास्त वाकली आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. सरळ तक्रार करा.

## पायरी ३: चार मोजण्या

हा धड्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कुठलंही स्पीड टेस्टचं अ‍ॅप किंवा वेबसाइट घ्या आणि चार ठिकाणी मोजा. प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: डाउनलोड, अपलोड आणि पिंग.

मोजणी १: लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून. घरातले बाकी मोबाइल वाय-फायवरून काढा.
मोजणी २: वाय-फायवर, राउटरपासून दोन-तीन हात अंतरावर.
मोजणी ३: वाय-फायवर, तुम्ही जिथे बसून काम करता त्या जागी.
मोजणी ४: त्याच जागी, पण रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा अख्खी वाडी नेटवर असते.

आता निदान:

- पहिलीच मोजणी प्लॅनपेक्षा खूप कमी आली: दुखणं लाइनचं, केबलचं किंवा त्या डब्याच्या पोर्टचं आहे. नवा वाय-फाय घेऊन फरक पडणार नाही.
- पहिली चांगली, दुसरीच वाईट: आता राउटरवर संशय घ्यायला हरकत नाही. पण थांबा, तोच मोबाइल जुना तर नाही ना? दुसऱ्या फोनवर परत मोजा.
- पहिली-दुसरी चांगली, तिसरी वाईट: राउटर ठणठणीत आहे, जागा चुकली आहे. पायरी ४ वाचा.
- तिसरी चांगली, चौथी वाईट: गर्दीच्या वेळी कंपनीकडून येणारा वेग पडतोय. फायबरची एक तार पुढे फाटे फुटून अनेक घरांत वाटलेली असते, शिवाय कंपनीची पुढची लाइनही सामायिक असते. रात्री केबलने परत मोजा, तोही आकडा कमी आला तर पुरावा हातात आला.

तक्रार करताना "नेट स्लो आहे हो" असं सांगू नका. "केबलवर रात्री सव्वानऊला इतकं, सकाळी इतकं" असं सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनीच्या तक्रार केंद्रात काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायची सोय ट्रायच्या नियमांत आहे. तिथे हा क्रमांक लागतो.

आकडा वाचताना एक गल्लत टाळा. प्लॅन एमबीपीएसमध्ये असतो, म्हणजे मेगाबिट. फाइल मेगाबाइटमध्ये असते. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. "मला शंभरचं सांगितलं आणि बारा मिळतं" अशी तक्रार करणारे पुष्कळ असतात, पण तिथे फसवणूक नसते, मोजमाप वेगळं असतं.

अपलोडकडे लक्ष द्या. घरात सिनेमा बघणाऱ्याला डाउनलोड लागतं. धंदा करणाऱ्याला अपलोड लागतं, कारण मूर्तीचा व्हिडिओ आपण पाठवतो आणि कॉलवर आपला चेहराही आपल्याकडूनच जातो. १ जीबीचा व्हिडिओ ५ एमबीपीएस अपलोडवर चढायला साधारण २७ मिनिटं लागतात, तोच २० एमबीपीएसवर सातेक मिनिटांत चढतो. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे एक-दोन माणसांच्या धंद्याला ५० ते १०० एमबीपीएसची लाइन भरपूर झाली. ३०० चा प्लॅन घ्यायची घाई नको.

## पायरी ४: फुकटची दुरुस्ती, म्हणजे जागा

आपल्याकडची घरं आणि शेड वाय-फायला त्रासदायकच आहेत. जुन्या घरांना जांभ्या दगडाच्या जाड भिंती. नव्या घरांना स्लॅब आणि त्यात लोखंडी सळ्या. कारखान्याला पत्र्याची शेड. वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी, आणि पत्रा त्यांना आरशासारखा परत फेकतो. घरात राउटर आणि मागच्या अंगणात पत्र्याची शेड असेल तर कितीही महाग राउटर आणा, आत सिग्नल रडतखडतच पोचेल.

मग काय करायचं?

जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर ठेवा, घराच्या मध्याच्या जवळ. केबलवाल्याला सोपं पडतं म्हणून राउटर खिडकीशेजारी लागतो आणि निम्मा सिग्नल रस्त्याला जातो.

टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फ्रिजच्या शेजारी आणि पाण्याच्या टाकीजवळ नको. धातू लहरी अडवतो, पाणी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे तो चालू असताना कॉल तुटू शकतो.

कारखान्यात रंगकामाच्या खोलीत तर मुळीच नको. प्लास्टरची आणि शाडूची बारीक धूळ, वर फवाऱ्याच्या रंगाचे कण. राउटरची भोकं बुजतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तो गरम होऊन पुन्हा पुन्हा बंद पडतो. महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं लावू नका.

दोन पट्टे समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो आणि भिंत जरा बरी ओलांडतो, पण हळू असतो आणि शेजाऱ्यांच्या राउटरची त्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण जाड भिंतीपुढे हात टेकतो. कॉलचा लॅपटॉप एकाच खोलीत असेल तर त्याला ५ वर जोडा. कॅमेरा, प्रिंटर २.४ वर राहू द्या. शेजारी राउटर जास्त असतील तर २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते निवडा. हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत.

शेडपर्यंत केबल टाका. हे फुकट नाही, पण नव्या राउटरपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त आणि खात्रीचं आहे. घरातून शेडपर्यंत कॅट ६ केबल पाइपातून न्यायची. लांबी १०० मीटरच्या आत हवी. दुकानदाराला स्पष्ट सांगा: शुद्ध तांब्याची द्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. शेडमध्ये जुनाच राउटर "अ‍ॅक्सेस पॉइंट" मोडवर लावा. माळ्यावर पडलेला डबा कामाला आला, पैसे वाचले!

एक सावधगिरी. दोन इमारतींमध्ये बाहेरून गेलेली तांब्याची केबल वीज कडाडताना धोक्याची असते. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की दोन्ही टोकं काढून ठेवा. अंतर जास्त असेल तर तांब्याऐवजी फायबरची जोडणी विचारा, फायबरमधून विजेचा झटका येत नाही.

जागा बदलली? आता मोजणी २ आणि ३ पुन्हा करा. पुष्कळ घरांत इथेच काम संपतं. तसं झालं तर पुढची पायरी वाचायची गरज नाही, पैसे खिशात ठेवा आणि थेट पायरी ६ वर जा.

## पायरी ५: घ्यायचाच असेल तर काय बघून घ्यायचा

एक: ड्युअल बँड. फक्त २.४ वाला राउटर आता धंद्यासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

दोन: गिगाबिट पोर्ट. हा सगळ्यात मोठा सापळा आहे. खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं, पण मागची केबलची भोकं १०० एमबीपीएसची असतात. मग लाइन २०० ची असली तरी आत ९५ च्या आसपासच येणार. मोठ्या टाकीला अर्ध्या इंचाचा नळ लावल्यासारखं! प्लॅन १०० पेक्षा जास्त असेल किंवा पुढे वाढवायचा असेल तर "सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का?" हे विचारूनच घ्या.

तीन: खोक्यावरचा मोठा आकडा. १२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची गोळाबेरीज. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कुणालाच मिळत नाही. अँटेना चार की सहा, यावरही भाळू नका.

चार: पिढी. वाय-फाय ४ हे २००९ चं मानक, नंतर वाय-फाय ५ आलं, २०१९ पासून वाय-फाय ६ ची उपकरणं प्रमाणित होऊ लागली आणि २०२४ पासून वाय-फाय ७ ची. आज नवीन घेताना वाय-फाय ६ घ्या. एकाच वेळी बरीच उपकरणं जोडलेली असताना तो बरा सांभाळतो. वाय-फाय ७ साठी जास्त पैसे मोजायचं आपल्या धंद्याला सध्या काही कारण नाही. आणि हेही बघा, तुमचा फोन जर वाय-फाय ४ चाच असेल तर राउटर बदलून फोनचा वेग वाढणार नाही.

पाच: कंपनीशी जुळतो का? खरेदीआधी तुमच्या नेटवाल्याला तीन प्रश्न विचारा. माझा ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्याल का? माझ्या जोडणीचं पीपीपीओई युजरनेम-पासवर्ड असेल तर द्याल का? व्हीलॅन क्रमांक लागतो का? उत्तरं वहीत लिहा. ब्रिज करून देत नसतील तरी मार्ग आहे: नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावा आणि ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा.

सहा: रिपीटर की मेश? भिंतीतल्या प्लगला लावायचा स्वस्त रिपीटर अर्धवट सिग्नल पकडून तोच पुढे ढकलतो, आणि बऱ्याचदा वेग निम्मा करतो. दुमजली घर असेल आणि केबल टाकणं शक्यच नसेल तर दोन डब्यांचा मेश संच बरा. पण केबल टाकता येत असेल तर केबलला तोड नाही.

खर्चाचा साधारण अंदाज: साधा ड्युअल बँड १,५०० ते २,५०० रुपये. गिगाबिट पोर्टवाला वाय-फाय ६ साधारण २,५०० ते ४,०००. मेश संच त्याच्या वर. भाव बदलत असतात, म्हणून ऑनलाइन बघा आणि पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेतही विचारा. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी बिघडल्यावर वॉरंटीत बदलून देणारा ओळखीचा दुकानदार हंगामात कामाला येतो.

आणि बदलायचा कधी? मूर्तिकारांनी आषाढ-श्रावणात प्रयोग करू नयेत. चालू गाड्याचं चाक बदलत नाहीत. दिवाळीनंतर काम निवांत असतं, तेव्हा बदला आणि नवा हंगाम सुरू व्हायच्या आत महिनाभर वापरून बघा. होमस्टेवाल्यांनी पावसाळी राफ्टिंगचा आणि डिसेंबरचा गर्दीचा काळ टाळावा.

## पायरी ६: वीज, वादळ आणि दुसरी वाट

रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज आणि मोबाइल दोन्ही कितीतरी दिवस बंद होते. तसं संकट रोज येत नाही. पण पावसाळ्यात तास-दोन तास वीज जाणं हे नेहमीचंच, आणि बहुतेक वेळा त्या वेळी फायबर चालू असतं. बंद पडलेला असतो तो आपला डबा!

यावर उपाय: राउटरसाठीचा मिनी यूपीएस. घेताना तीन गोष्टी बघा.

१. तुमच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि अँपिअर लिहिलंय? बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. चुकीचा व्होल्ट दिला तर डबा जळतो.

२. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा हवा. एकालाच दिला तर उपयोग शून्य.

३. क्षमतेचं गणित. १०,००० एमएएच लिहिलेल्या यूपीएसमध्ये आत ३.७ व्होल्टचे सेल असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. रूपांतरात काही वाया जाऊन हाती तीसेक उरतात. दोन डबे मिळून १२ वॉट खात असतील तर अडीच तास मिळाले. "आठ तास चालतो" अशा जाहिरातीवर हे गणित लावून बघा.

आता दुसरी वाट. रस्त्याचं खोदकाम चालू असलं की जेसीबीच्या एका फटक्यात फायबर तुटतं आणि मग यूपीएस काही करू शकत नाही. म्हणून दुसरी जोडणी पहिलीपेक्षा वेगळ्या मार्गाने येणारी हवी. एकाच खांबावरून आलेल्या दोन कंपन्यांच्या तारा एकाच फांदीखाली तुटतात. घरात फायबर असेल तर जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप आजच जोडून बघा, ऐन कॉलमध्ये शिकायला बसू नका.

फायबर पोचलेलंच नसेल तर ५जी वर चालणारी एअरफायबरसारखी सेवा हा पर्याय आहे. जिओने तिची सुरुवात १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी केली. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या छपरावर सिग्नल खरोखर येतो का, आणि अपलोड किती मिळतं. हवेतून येणाऱ्या जोडणीत अपलोड अनेकदा डाउनलोडपेक्षा बरंच कमी असतं.

## पायरी ७: बसवताना कुलूप लावा

तुमच्या राउटरवरून यूपीआय चालतं, बँक चालते, ग्राहकांची यादी जाते. पण पासवर्ड असतो मोबाइल नंबर किंवा मुलाचं नाव!

- राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात. दोन्ही बदला.
- सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नसेल तर डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूपीएस बंद करा.
- गेस्ट नेटवर्क सुरू करा. येणारे व्यापारी, कारागीर, होमस्टेचे पाहुणे यांना तेच द्या. स्वस्त कॅमेरे आणि टीव्हीही त्यावरच ठेवा. हिशोबाचा लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर एकटा.
- राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. कंपनीने अपडेट देणं बंद केलं असेल तर वेग चांगला असला तरी तो राउटर बदलण्याचं हे खरं कारण आहे.
- जुना पासवर्ड फारसा कुणाला माहीत नसेल तर नव्या राउटरला जुनंच नाव आणि पासवर्ड द्या. प्रिंटर, कॅमेरे आपोआप जोडले जातील. गावभर माहीत असेल तर मात्र अर्धा तास खर्च करा आणि बदलाच.

पाहुण्यांना वाय-फाय विकायचा विचार असेल तर घरची जोडणी परस्पर विकू नका. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना त्यासाठीच आहे. त्यात छोटा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो.

## पायरी ८: वहीत नोंद

राउटर, यूपीएस, केबल ही घराची हौस नाही, धंद्याचं साधन आहे. बिल धंद्याच्या नावावर घ्या. राउटरवर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक घाला, धंद्यासाठी वापरलेल्या भागाचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही. महिन्याच्या प्लॅनचंही तसंच: ४९९ चा प्लॅन करासह ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो, हिशोबात तोच आकडा धरा. घर आणि धंदा दोन्हीसाठी एकच जोडणी असेल तर किती हिस्सा धंद्याचा, हे तुमच्या सीएशी बोलून एकदा ठरवा आणि दर महिन्याला तसंच लिहा.

## या आठवड्याचा गृहपाठ

१. एका बंद तासाची किंमत काढा.
२. चारही मोजण्या तारीख-वेळेसह लिहा.
३. राउटरची जागा बदला आणि मोजणी २ व ३ परत करा.
४. अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर लिहून ठेवा.
५. हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा.
६. दोन्ही पासवर्ड बदला आणि वहीत लिहून ठेवा.

या सहा कामांत एकही रुपया खर्च नाही. ही झाल्यावर तुम्ही दुकानात गेलात तर दुकानदार काय विकतोय यापेक्षा तुम्हाला काय हवंय हे तुम्हाला जास्त माहीत असेल. यंत्र असो, माल असो की जागा, धंद्यातली प्रत्येक खरेदी अशीच व्हायला हवी.

पुढच्या धड्यात मोबाइलवर मालाचे फोटो आणि व्हिडिओ कसे काढायचे ते बघू. तोपर्यंत मोजणी सुरू करा. भेटूया!